चेअरमनसाहेबांच्या कण्हेरी

मी, बद्रीनाथ विष्णुपंत देऊळगावकर, वय ५३, व्यवसाय एका दैनिकाचा वार्ताहर, रा. खडकवस्ती, ता. आष्टी, जि. बीड, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी आईसह राहतो. दुष्काळाच्या बातम्या पाठवतो. छापून येतात त्या वाढदिवसांच्या.

फिर्यादी सुंदरराव हे गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन आहेत. नव्या बंगल्यापुढे बाग करायची म्हणून दोन वर्षांमागे त्यांनी मला बोलावले. मी संस्कृत शिकलो असल्याने मला झाडांतले कळते, असा त्यांचा समज आहे. तो मी खोडला नाही. त्यांना गुलाब, मोगरा आणि हिरवळ हवी होती. पाऊस तेव्हाही बेताचाच होता, म्हणून मी कण्हेर आणि बोगनवेल सुचवली. मूळ धरल्यावर त्यांना पाणी जवळपास लागत नाही, फूल भरपूर येते, शेळी तोंड लावत नाही. लावण झाली. झाडे जगली.

चालू मे महिन्यात वस्तीचा टँकर चालू ठेवावा की नाही, हे पाहण्यास तहसीलचे एक साहेब आले. ते वस्तीत न जाता बंगल्याच्या ओसरीवर बसले. मी बातमीसाठी हजर होतो. समोर सगळे फुललेले होते.

साहेब म्हणाले, "बाग छान राखलीय. पाणी रोज देता?"

फिर्यादी म्हणाले, "दोन टाइम. आपल्या बोअरला लई पाणी हाय, साहेब."

वास्तविक त्या बोअरला होळीपासून धूळ येते. घरात पाणी विकतचे असते. मी म्हणालो, "साहेब, ही झाडं पाण्यावाचून..." त्यावर फिर्यादी हसले. "शास्त्रीबुवा, तुमी आपलं संस्कृतात राव्हा." साहेबही हसले. सरबत झाले. त्याच आठवड्यात टँकर बंद झाला.

भिवराबाई ही माझ्या घरामागे राहते. ऊसतोडीहून नुकतीच परतली आहे. घरात सून बाळंतीण आहे. तिने मला गाठून विचारले, "गुरुजी, ती झाडं तुमीच सांगितली न्हवं? मग कावून वाळंनात?" मी झाडांची प्रकृती समजावून सांगितली. ती म्हणाली, "म्हंजी त्येला तहान न्हाई. आन त्येच्याकडं बघून आमचं पाणी तोडलं."

दि. २१ रोजी सकाळी बंगल्यावरून बोलावणे आले. सगळी झाडे जमिनीलगत, कोयत्याने एका घावात कापलेली होती. शेंडे छाटून, मोळ्या बांधून, कारखान्याची गाडी भरायला ठेवतात तशा फाटकाशी रचल्या होत्या. काम स्वच्छ होते. फिर्यादी म्हणाले, "भिवरीचं नाव सांगा, बुवा. पाण्यावरनं तीच बोंबलत हुती. तुमी निवडलेली झाडं, तुमाला राग न्हाई?"

विचारल्यावरून सांगतो की, कापताना मी कोणास पाहिले नाही. कोयता वस्तीत घरोघर आहे. भिवराबाई आदल्या संध्याकाळपासून पल्याडच्या विहिरीवर रांगेत होती. टँकर बंद झाल्यापासून वस्तीतल्या सगळ्या बाया तिथेच असतात, त्यामुळे तिला साक्षीदार हवे तितके मिळतील. ही सोय फिर्यादींनीच केली आहे.

झाडांविषयी विचारले असता सांगतो की, मुळे शाबूत आहेत. कण्हेर बुडातून कापली तरी पाणी न घालता पुन्हा फुटते. फिर्यादींना मी तसे कळवले; त्यांना बरे वाटले. भिवराबाईस अद्याप सांगितलेले नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. सही करतो.