बरणीतल्या टुणटुण्या

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर म्हातारे वडील आणि त्यांची मुलगी बसले होते. वडिलांच्या मांडीवर काचेची बरणी होती, आत ओला पाला.

"बाबा, हे काय आणलंत?"

"तुझ्या आईच्या टुणटुण्या. कुंडीखालचा कुजका पाला भरून आणलाय."

"ते खसखशीएवढे किडे? अहो, तिच्या नाकात नळी आहे."

"काल तिनेच मागितले. म्हणाली, एकदा बघू दे."

"रोज विचारते ना तुम्हाला?"

"आत गेलो की पहिला प्रश्न तोच. आज दिसल्या का? मी म्हणतो, पुष्कळ. कुंडी उचलली की नुसत्या उड्या मारतात."

"मग झालं तर."

"कसलं झालं! मला अजून एकही दिसलेली नाही. भिंग घेऊन गुडघ्यांवर बसतो, तर नुसती माती दिसते. इतकी वर्षं ती बागेतून हाका मारायची, अहो, या ना बघायला. मी पेपरातून मान वर केली नाही. आता कुठे बघायचं असतं तेच कळत नाही."

"द्या इकडे. आई आधी हळूच फुंकर मारायची."

"मार."

"थांबा... उडाली! बाबा, पानाच्या कडेवरून. ती बघा, दुसरी!"

"कुठे?"

"ही काय, पांढरी."

"खरंच दिसली, की मी तुझ्या आईला सांगतो तसं सांगतेयस?"

आतून नर्सने हाक मारली. मुलीने बरणीचं झाकण सैलसर लावलं.

"उठा बाबा. आईलाच विचारू."