वरची शाळा, खालची शाळा

माजं माहेर पन समुद्राकाठचं, सासर पन समुद्राकाठचं. श्रीवर्धनच्या अलीकडं आमचा कोळीवाडा. मी शाळेत कवा गेलेच न्हाय, पोरवयापासून डोक्यावर टोपली घेऊन वरच्या गावात, शेतकऱ्यांच्या आळीत मासळी विकते. पोरगा बोटीवर, सून बर्फाच्या कारखान्यात, तवा नात सान्वी माज्याचजवळ. तिसरीला हाय.

आमच्या वाड्यात एक सरकारी शाळा, वरच्या गावात दुसरी. खाली एकटी बाई, एका खोलीत चार इयत्ता, पहिलीला गानं लावून देईल तवा कुठं चौथीचं गनित. वर दोन गुरुजी, रंगवलेल्या भिंती, टीव्ही. शाळा सुरू व्हायच्या आधी त्यातले थोरले गुरुजी माज्या दारात, म्हनाले मावशी, नातीला वर पाठवा, दप्तर देऊ, बूट देऊ. काय सांगू तुमाला, मना तिथंच खटकलं. जी लई वाखानावी लागते ती मासळी कालची असते, हे मना कुनी शिकवाला नको. चवकशी केली तर वरच्या लोकांची पोरं गाडीत बसून तालुक्याच्या इंग्लिश शाळेत चाललेली, पट कमी झाला की एका गुरुजीची बदली. म्हंजे सान्वीची काळजी न्हवती, पट भराचा होता.

मी तिला खालीच ठेवली. आनि एक दिवस टोपली घेऊन, कुनाला न सांगता, वरच्या शाळेत गेले. मासळी घेताना आमी कल्ला उघडून बघतो, लाल हाय का, तसंच. एका पोरीला म्हटलं वाच गं. तिनं वाचलं. पाठ असंल म्हनून टोपलीतला रद्दी पेपर पुढं केला, तो पन घडाघडा वाचला. सान्वी अजून जोडाक्षराला अडत व्हती, खोटं कशाला बोलू. पन आमच्या वाड्यातली दोन पोरं आधीच तिथं जात व्हती, ती मागं खिडकीजवळ, एकटी. इथं का वो बसवलीत? तर गुरुजी हळूच म्हनाले, बाकीची पोरं वासाचं बोलतात, लहान हायत. लहान हायत. त्यांच्याच आया रोज मना थांबवून बांगडा निवडून घेतात.

रागावले, पन तो वाचलेला पेपर डोक्यातनं जाईना. म्हटलं माजी नात मधी बसंल तर पाठवते. बरं म्हनाले. खालच्या बाई पन म्हनाल्या न्या, माज्या एकटीच्यानं न्हाय व्हत. इतक्या सहज कशा म्हनाल्या, ते पन आलंच मनात.

आता सान्वी वर जाते. मधीच बसते, मी खिडकीतनं बघितलंय. आमची ती दोघं पन पुढं आनली. वाचते पन झरझर, गुरुजींना नावं ठेवाला जागा न्हाय. पन हल्ली सकाळी सुकट नको म्हनते, भाकरी चहात बुडवून खाते, दोनदोनदा साबन लावते. कुनी बोललं का गं शाळेत? न्हाय आज्जी, असंच. परवा म्हनली, आज्जी, तू टोपली घेऊन शाळेवरनं नको जाऊस, तुला लांब पडतं. आता तोच तर जवळचा रस्ता हाय. मी व्हय म्हटलं. तवापासून तळ्याच्या बाजूनं, चढ चढून जाते. गुडघं दुखतात, पन दुखू दे. पोर शिकतेय, देव तिचं भलं करो.