नांदायला जर्मनीला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय उल्हासराव, प्रमुख पाहुण्या डॉक्टर अनुयाताई, आपल्या सिंगापूरच्या मंडळाचे पदाधिकारी, आणि पुंगोल, सेंगकांग, बेडोकहून रविवार मोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शाल दिलीत, नारळ दिलात, अनुयाताईंनी माझ्या पुरणपोळीचं कौतुक केलं. मन भरून आलं. पण आज मी पुरणपोळीवर बोलणार नाही. बासष्टाव्या वर्षी ही मधुमती जर्मनीला नांदायला निघाली आहे आणि तुमच्यातल्या निम्म्यांना ते अजून पटलेलं नाही. तेव्हा बोलायचं त्यावरच.

निशिकांत तुम्हाला आठवत असतील. मागे गणपतीत बेडोकला भाचीकडे आले होते. जन्म मिरजेचा, पण सगळी नोकरी हॅनोव्हरला केलेले, पत्नी गेल्यापासून एकटे राहणारे. पंगतीत मला म्हणाले, "आमटीत गूळ जरा जास्तच झालाय." मी म्हटलं, "मग उद्या तुम्ही करा." तर हे खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप्रन बांधून हजर! पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा रंगवून सांगता, म्हणून मी सोडून देते.

आम्ही पुण्यात रजिस्टर लग्न केलं. ते जर्मन नागरिक. बायको नवऱ्याकडे जाणार, त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं. पण नियम असा, की आधी त्यांच्या भाषेची परीक्षा पास व्हा, मग नवऱ्याकडे जा. निशिकांत म्हणाले, "सोड ते. मीच पुण्याला येतो." मी म्हटलं, "मुळीच नाही. पुणं मी पाहिलंय. मला तुमचं गाव बघायचंय."

इथे परत येऊन जर्मनचा क्लास लावला. शेजारी व्हिएतनामची एक मुलगी बसायची. इथे नोकरीला, नवरा लाइपझिगला. लग्नानंतर दोघं एका घरात राहिलीच नव्हती, कारण ही परीक्षेत दोनदा नापास. नवरा फोनवर तिच्याकडून धडे म्हणून घ्यायचा आणि धडा संपता संपता दोघंही रडायची. मीही तोंडी परीक्षेत पहिल्यांदा आपटले. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि पुढे जीभ टाळ्याला चिकटली.

भाषा शिकायला माझा विरोध नाही. ज्या गावात राहायचं, त्या गावचं बोलणं यायलाच हवं. पण ते गावात राहून येतं ना? नवराबायकोला दोन खंडांत बसवून कसं येणार? सिंगापूरला येण्याआधी आपल्यापैकी किती जण मलाय शिकून आले होते? हात वर करा पाहू. राहू द्या, दिसलं मला.

त्याच सुमारास आपली दिवाळी झाली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. उल्हासराव, तुम्ही म्हणालात, "युरोपनं नियम कडक केले, बरंच झालं. कोणीही उठतं नि तिकडे घुसतं. त्या लोकांना आवरायलाच हवं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मुलानं, प्रणवनंसुद्धा. मी ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "त्या लोकांना म्हणजे कोणाला?" तुम्ही म्हणालात, "काकू, तुमच्याबद्दल नाही हो!"

अहो, माझ्याबद्दल नाही तर कोणाबद्दल? व्हिसाच्या खिडकीपलीकडून मी आणि ती व्हिएतनामची मुलगी सारख्याच दिसतो. आणि या हॉलमधल्या किती जणांचे इथे राहायचे पास यंदा नव्यानं व्हायचेत? मुदत जवळ आली की घरातले आवाज कसे खाली येतात, ते मी प्रणवकडे पाहिलंय. माझा पासही त्याच्याच पासाला टांगलेला होता.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. तीही झाली. मग जर्मन वकिलातीत व्हिसाची मुलाखत. समोरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "या वयात लग्न कशासाठी?" त्यांना काय बोलू, हाच प्रश्न मला आपल्या ब्लॉकच्या लिफ्टमध्येही विचारला गेलाय. मी जर्मनमध्ये उत्तर दिलं, "इश म्योश्टे निश्ट मेअर अलाइन एसन." मला यापुढे एकटीनं जेवायचं नाही.

बाहेर प्रणवला हे सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. "आई, आम्ही आहोत की."

"आहात रे. पण तुम्ही दोघं ऑफिसात जेवता आणि आर्या शाळेत. टेबलाशी मी एकटीच असते."

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तिकडे थंडीला कोट कसला लागतो गं?" लग्नाला त्याचा होकार मला तेव्हा मिळाला. घरी आर्यानं तर निकालच लावला, "जस्ट गो लाह, आजी!"

व्हिसा आलाय, गुरुवारी निघते. तिकडे कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर मी आधी सांगेन, स्थलांतरित. तो शब्द शिवीसारखा उच्चारणाऱ्यासमोर तर दोनदा सांगेन.

परक्या शहरात तुम्ही मला माणसं दिलीत, त्याबद्दल मंडळाची कायमची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला, उल्हासराव तुम्हीही. लग्नाची क्षमा मात्र मी मागणार नाही. इथेही नाही आणि तिथल्या विमानतळावरही नाही.

नमस्कार.