ऑफिसला इंग्रजीत काय म्हणतात

(वारजे. दोन खोल्यांचं घर, शनिवारची संध्याकाळ. चैतालीचं लग्न ठरायचं आहे, उद्या अभिनवचे आईवडील घर बघायला येणार आहेत. तिची आई नंदा गॅसपाशी चिवडा करते आहे. वडील दशरथ शाळेतून आलेत, अंगात अजून शाळेचा निळा शर्ट आहे.)

चैताली : पुन्हा म्हणा, पप्पा. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस.

दशरथ : ॲडमिस्टे... ट्रेटिव्ह. पुढचं ऑफिस येतं मला.

नंदा : ऑफिस हा शब्द इंग्रजीच आहे ना गं? मग इंग्रजीचं परत इंग्रजी कशाला करतेस?

चैताली : नुसतं ऑफिस म्हटलं की काहीच कळत नाही, मम्मी. शाळेच्या ऑफिसला इंग्रजीत असंच म्हणतात. आमच्या खराडीच्या कंपनीतसुद्धा.

दशरथ : आमच्या दारावर पाटी आहे नुसती ऑफिस अशी. मीच पुसतो ती. शाळा इंग्लिश मीडियम झाली तेव्हा प्रिन्सिपॉल बाईंनी ॲडमिन ब्लॉक लिहायचं काढलं होतं. क्लार्क कल्याणी मॅडम म्हणाल्या, बाई, एक खोली आहे आपली, तिला ब्लॉक म्हटलं तर पोरं हसतील. मग राहिलं ते.

चैताली : पाटी राहू दे. उद्या अभिनवच्या आईंनी विचारलं, कुठे असता, तर एवढंच म्हणायचं. शाळेत, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसमध्ये. पुढे काही नाही.

दशरथ : पण मी ऑफिसमध्ये नसतो ना गं. माझं स्टूल दाराच्या बाहेर असतं.

चैताली : पप्पा, स्टूल नका आणू मध्ये.

नंदा : का? शिपाई म्हण की. तेवढा एक शब्द. तोंडात आला की जीभ भाजते का तुझी?

चैताली : मी त्यांना खोटं काय सांगितलं? मी फक्त इंग्रजीत सांगितलं.

नंदा : वा. मग उद्या ते आल्यावर जयभीम म्हणायचं, की त्यालाही इंग्रजी शोधून ठेवलंयस?

चैताली : ते माहितीय त्यांना. मी स्वतः सांगितलंय, त्यांच्या घरी बसून, चहा पिता पिता. काकूंनी काही मनात धरलं नाही. फक्त विचारलं, वडील काय करतात.

नंदा : म्हणजे जात ताठ मानेनं सांगितली आणि बापाचं काम सांगताना मान खाली गेली. अजब आहेस.

चैताली : काकू मुख्याध्यापिका होत्या, मम्मी. कळतंय का तुला? त्यांच्या केबिनबाहेर आयुष्यभर असंच एक स्टूल होतं. त्यांनी बेल दाबली की त्यावरचा माणूस उठायचा. उद्या त्याच माणसाच्या शेजारी सोफ्यावर बसायचंय त्यांना. मला ते बघवणार नाही.

नंदा : त्यांना बघवेल की नाही ते त्या बघतील. तुला बघवणार नाही, हे मात्र खरं बोललीस.

दशरथ : जाऊ दे गं, नंदा. तिचं बरोबर आहे. मी काय म्हणतो, उद्या मी मांजरीला जाऊन येतो, भावाकडे. तुम्ही दोघी बघा इथलं.

चैताली : तुम्ही नाही तर ते येतायत कशाला? असं काय करता? एक शब्द तर आहे. येईल रात्रीपर्यंत.

दशरथ : शब्दाचं नाही काही. तो मी आज दुपारीच ऐकला.

नंदा : कुणाकडून?

दशरथ : फोनवर. कल्याणी मॅडम प्रिन्सिपॉल बाईंकडे गेल्या होत्या. फोन वाजतच राहिला म्हणून मी आत जाऊन उचलला. एक बाई म्हणाल्या, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस का? मी म्हटलं, नाही, ही शाळा आहे. आणि ठेवला. परत वाजला. म्हणाल्या, अहो, शाळाच पाहिजे मला. दशरथ सर आहेत का? सांगा, अभिनवच्या आईचा फोन आहे.

चैताली : मग? काय सांगितलंत तुम्ही?

दशरथ : म्हटलं, साहेब जेवायला गेलेत.

नंदा : कोण साहेब?

दशरथ : मीच.

चैताली : पप्पा...

दशरथ : तू काहीतरी सांगून ठेवलं असशील, ते माझ्या तोंडून मोडायला नको म्हणून. त्यांनी विचारलं, आपण कोण? शिपाई म्हटलं. नाव? समाधान सांगितलं, सुचलं ते. आता उद्या मी या बसा म्हटलं की आवाज ओळखणार त्या. म्हणून म्हणतोय, मांजरीला जातो.

चैताली : थांबा. जाऊ नका कुठे. तुम्ही उद्या बोलूच नका. घसा बसलाय म्हणून सांगू आपण. त्या काही बोलल्या की नुसती मान हलवायची.

दशरथ : जमेल. सवय आहे.

नंदा : ऐकलंस काय म्हणाले ते? ऐकलंस ना? बरं, अहो, त्या बाईंनी फोन कशाला केला होता ते तरी सांगा.

दशरथ : चौकशीला. मुलीचा बाप कसा आहे म्हणून. साहेब नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, बरंच झालं, तुम्हालाच विचारते. मीही शाळेत नोकरी केलीय, साहेब खरा कसा आहे ते फक्त शिपायाला माहीत असतं. तर सांगा, माणूस कसा आहे?

चैताली : आणि?

दशरथ : आता आपणच आपलं काय सांगणार. म्हटलं, भला माणूस आहे. शिपायाला कधी बाहेरचा समजत नाही.

नंदा : माझ्याकडे काय बघतेस अशी? मी काही बोलले का तुला?

चैताली : माझा फोन दे, मम्मी. तुझ्या मागेच आहे, चार्जिंगला.

नंदा : आता कुणाला?

चैताली : काकूंना. शिपायाचं नाव चुकीचं कळलंय त्यांना.