चौकशी नत्थूजींकडे

पत्नी गेल्यापासून रॉकेलच्या रांगेत मीच उभा राहतो. काल महाल भागातल्या रेशन दुकानात माझ्यापुढे हाताला पट्टी बांधलेली एक बाई होती. तेवढ्यात तिच्याबरोबर कामाला असलेला एक माणूस सायकल टाकून धावतच आला.

“शोभाताई, लॅबोरेटरीत बोर्डावर कागद लागला वं! तुह्या हाताची चौकशी मले देली!”

“तुले? काचेच्या नळ्या फुंकणाऱ्या नत्थूजीले?”

“नवा नियम आहे. ज्या खात्यात अपघात झाला, त्या खात्याच्या साहेबानं चौकशी करायची नाही. दुसऱ्या खात्यातला एक साहेब अन् एक कामगार करतीन!”

“बरं झालं गा! आमचा साहेब दरवेळी एकच लिहिते, बाटल्या धुणारीचा हलगर्जीपणा.”

“आता पाहूनच घेतो त्याले! सांग, बाटलीत ॲसिड आहे हे तुले काहून नाही समजलं?”

“लेबलच नव्हतं तिच्यावर.”

“सापडलं! लेबल कोणं काढलं?”

“मीच.”

“काय?”

“साऱ्याच बाटल्यांची लेबलं मी भिजवून काढते. काच चकाचक दिसते म्हणून साहेब खूश होते. मंग कोणीतरी तशाच बाटलीत ॲसिड भरून ठेवलं.”

“हे मले नको सांगू वं. नोकरी जाईन तुही.”

“लिही तू. नाही तं उद्या दुसरीचा हात जळन.”

“अन् साहेब खूश होते, ते?”

“तेही लिही. माह्या नावाच्या वर लिही.”

“भाऊ, पेन आहे का तुमच्यापाशी?”

मी खिशातला पेन काढून नत्थूजींना दिला.