शीटचे सांधे

सांगू का, सखारामदादांची आठवण निघाली की मला आजही लाज वाटते. महाडच्या एमआयडीसीत माझं औषधांचं गोदाम आहे. पावसात गळू नये म्हणून त्याच्या स्लॅबवर पीव्हीसीची शीट टाकायचं ठरलं, तेव्हा कापडे गावाहून दादा कामाचं विचारायला आले होते. हातांवर डांबराचे डाग. ते काही बोलायच्या आतच मी म्हटलं, "दादा, हे डांबराचं काम नाही. तुम्हाला जमायचं नाही." आणि काम दिलं टाय लावून आलेल्या एका मुंबईच्या माणसाला.

श्रावणात गोदामात पाणी आलं, औषधांची खोकी भिजली. मुंबईवाला फोन उचलेना. शेवटी दादांनाच बोलावलं. त्यांनी सांध्यात नख घातलं, तर शीट सालीसारखी सुटून आली.

"नुसती चिकटवलीय. ही गरम हवेनं वितळवून जोडायची असते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मुंबईत अकरा वर्षं ह्येच काम केलंय."

"मग तेव्हाच सांगायचं ना, दादा."

"सांगायलाच आलो होतो. तुम्ही बोलू दिलं नाय."

उघडीप मिळाल्यावर दादांनी एकेक सांधा जोडला. मी शेजारी शीट ताणून धरून बसलो होतो. दिवसभरात एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही.