बोटभर उतरलेला खांदा

हॅलो?… हो, तालीन, बोल… नाही, जेवलो नाही अजून. डोल्मा आहे, तुझ्या मावशीनं आणून दिलाय… हो, वकिलाचं पत्र आलं. समोरच आहे… नाही केली सही.

अगं ऐक ना… वाचलं मी. दोनदा वाचलं. कोटाचं कटिंग कुणीही उचलावं, कायदा काही म्हणत नाही. पण आतल्या अस्तरावरची जर्दाळूची पानं तुझ्या आईनं काढलेली, तीही जशीच्या तशी उचलली, तिथं ती कंपनी अडकली… हो, हो, जिंकलो आपण.

पुढचं वाचलंस का? दुकानांतले सगळे कोट परत मागवणार. नवे काढणार, साध्या अस्तराचे. आणि डाव्या खांद्याचा दोष काढून… दोष म्हणे.

अगं, तिचा खांदाच तसा होता. कापडाचे तागे वाहून वाहून बोटभर उतरलेला. मापाचा पुतळा आम्हाला कुठला परवडायला? पहिला नमुना ती स्वतःच्याच अंगावर बेतायची. या कंपनीवाल्यांनी तिचा एक कोट विकत घेतला, उसवला, तुकडे कागदावर ठेवून आखले. खांदाही आला त्यात.

काल… थांब, सांगतो. आठव्या अव्हेन्यूवर एक बाई पुढे चालली होती. पाठमोरी. तोच कोट. डावीकडे जरा कललेला… हाक मारली मी. सिरान म्हणून… नाही वळली. कशी वळेल?… वेड नाही लागलं मला. मंगळवारी तशाच कोटातली एक बँकेत होती… हो, गेलो मागे. थोडंच.

काय?… तिचा स्वतःचा कोट? वकील मागतोय?… नाहीये गं. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तिचे कपडे चर्चमध्ये दिले, त्यात गेला… नाही, तुला बोल नाही लावत. तू फक्त पिशव्या भरल्यास. सगळं ने, असं मीच म्हटलं होतं.

चोरच आहेत ते. मी कुठं नाही म्हणतो?… तिचं नाव लागायला हवं, खरंय. ती असती तर सालटी काढली असती त्यांची… पण ती नाही ना.

तर वकिलाला सांग, म्हातारा सही करत नाही. पानं ठेवा म्हणावं, नाव नका लावू. तो खांदा तेवढा सरळ करू नका.

…तालीन?… रडू नकोस, बाळा… काय म्हणालीस?… तुलाही? कधी?… मग सांगायचं नाहीस मला?

…कुठपर्यंत गेलीस तिच्या मागे?

…बरं… बरं. ठेवतो मी.